नागपुरातलं तीन बिऱ्हाडांचं घर

लोधीखेडा २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होतं, आता पांढुर्ण्यात आहे. सरकारदरबारी गाव मध्य प्रदेशातलं. शेताचा खसरा पटवाऱ्याकडे आणि मोठी कामं भोपाळला. पण दुखणं वाढलं, मुलगी बारावी झाली किंवा लग्नाचा बस्ता बांधायचा असला, की गाडी सावनेरवरून नागपूरलाच जाते. त्यामुळे लोधीखेड्याच्या सौंसर तालुक्यात चार पैसे साठले की ते कुठे घालायचे याचं उत्तरही बहुतेक घरांत ठरलेलं असतं. संत्र्याचा बहर चांगला गेला, कोणी मास्तर निवृत्त झाले, जवळच्या बोरगावच्या कारखान्यातल्या माणसाचा फंड निघाला, की बोलणं सुरू होतं: नागपुरात एक घर पाहू. फ्लॅट नको, जमीन आपली हवी. खाली पोरं शिकायला राहतील, वरच्या दोन मजल्यांवर किरायेदार ठेवू, किरायातून हप्ता निघेल.

हा बेत वाईट नाही. पण त्यातलं शेवटचं वाक्य जवळजवळ नेहमी खोटं ठरतं, आणि ते का ठरतं हे घर पाहायला जाण्यापूर्वीच समजून घेतलेलं बरं.

ज्या घराबद्दल आपण बोलतोय ते नागपुरात गल्लोगल्ली दिसतं. हजार-दीड हजार फुटांच्या प्लॉटवर तळमजला आणि वर दोन मजले, जिना बाहेरून, प्रत्येक मजल्यावर वेगळं स्वयंपाकघर आणि वेगळा विजेचा मीटर. एका छताखाली तीन कुटुंबं आणि मालक एक. अशी घरं जगभर आहेत. अमेरिकेत बोस्टनच्या आसपास १८८० ते १९३० या काळात लाकडी तीन मजली घरांच्या रांगाच्या रांगा उठल्या. गिरण्यांत राबणाऱ्या स्थलांतरितांनी त्या घेतल्या, एका मजल्यावर स्वतः राहिले आणि उरलेले दोन किरायाने दिले. आजही तिथलं सरकारी हमीचं गृहकर्ज चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला मिळतं, मालक त्यातल्या एकात राहत असला तर किमतीच्या साडेतीन टक्के रक्कम हातात असली तरी चालतं, आणि व्याजाचा दर तीस वर्षं न हलणारा मिळू शकतो. मोबाइलवर ‘किरायातून श्रीमंत व्हा’ म्हणून सांगणारे जे व्हिडिओ फिरतात, त्यांतलं बरंचसं गणित तिथून उचललेलं असतं. आपल्याकडे बँक वीस-पंचवीस टक्के रक्कम आधी मागते, आणि व्याजाचा दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराबरोबर वरखाली होत राहतो. मुख्य म्हणजे आपल्या शहरांत घराच्या किमतीच्या मानाने किराया फार कमी आहे.

हे एका उदाहरणाने पाहू. आकडे मी हिशेबापुरते धरले आहेत. तुम्ही पाहिलेल्या घराचे आकडे त्यांच्या जागी घाला. घर ९० लाखांचं. खालचा मजला १० हजार, मधला ९, वरचा ८, म्हणजे महिन्याला २७ हजार आणि वर्षाला ३ लाख २४ हजार. दलाल इथपर्यंतच सांगतो. आता वजाबाकी करू. वर्षातून सरासरी एक महिना प्रत्येक मजला रिकामा राहतो असं धरा: २७ हजार गेले. घरपट्टी आणि सामाईक पाणी-वीज १५ हजार. रंग, नळ, मोटर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग यांची वर्षाची सरासरी ३० हजार. उरले २ लाख ५२ हजार. खरेदीची किंमतही ९० लाखांवर थांबत नाही. नागपुरात मुद्रांक शुल्क अधिभारासह ७ टक्क्यांच्या घरात जातं, नोंदणी फी ३० हजार, शिवाय वकील आणि दलाल. म्हणजे घर साडेसत्त्याण्णव लाखांना पडलं, आणि हाती येणारं उत्पन्न त्याच्या अडीच टक्क्यांच्या जरा वर. पोस्टातली मुदत ठेवही याहून कितीतरी जास्त देते.

कर्ज काढलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी एका लाखाला महिन्याचा हप्ता सुमारे ८६८ रुपये येतो. ६० लाख काढले तर हप्ता ५२ हजारांचा, आणि खर्च जाऊन किरायातून उरतात २१ हजार. बाकीचे ३१ हजार दर महिन्याला गावाकडून यायला हवेत, संत्री गळाली तरी. उलट बाजूने मोजलं तर या घराचा किराया फार तर २४ लाखांचं कर्ज पेलतो. माझ्या मते घर घेण्याआधी हा एकच आकडा काढावा: खर्च जाऊन उरलेल्या किरायात किती कर्ज बसतं? त्यावरची रक्कम स्वतःच्या खिशातून घालण्याची तयारी असेल तर पुढे जावं.

मग लोक घेतात ते काय वेडे म्हणून? नाही. त्यांचा भरवसा जमिनीचा भाव वाढण्यावर असतो, आणि नागपुरात तो वाढलेलाही आहे. पण तो सगळीकडे सारखा वाढत नाही, आणि सांगून तर मुळीच नाही. मिहान या औद्योगिक प्रकल्पाच्या नावावर वर्धा रोड आणि बेसाच्या बाजूला लेआउट पडले तेव्हा उद्या-परवा हजारो नोकऱ्या येणार असं बोललं जात होतं. नोकऱ्या आल्या, पण बोलण्यापेक्षा बऱ्याच सावकाश. त्या सुरुवातीच्या भावात घेतलेल्या माणसाला बरीच वर्षं घर धरून बसावं लागलं. किरायाची गोष्ट वेगळी आहे. तो माणसं आज जिथे कामाला आणि शिकायला जातात तिथे मिळतो. मेडिकल कॉलेजच्या आजूबाजूला, हनुमाननगरात, निवासी डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक खोली शोधत असतात. नंदनवनला कॉलेजची मुलं, हिंगणा रोडला एमआयडीसीतले कामगार आणि इंजिनीअरिंगचे विद्यार्थी. मेट्रोची पहिली गाडी मार्च २०१९ मध्ये धावली, तेव्हापासून स्टेशनपासून पायी किती मिनिटं लागतात हाही प्रश्न किरायेदार विचारतो. (तिच्या एका मार्गिकेचं नाव ऑरेंज लाइन आहे, सौंसरच्या माणसाला तेवढं तरी आपलं वाटावं.) झिंगाबाई टाकळी, मानकापूर, कोराडी रोड हा पट्टा आपल्या गाडीच्या वाटेवर पडतो म्हणून आपल्याकडच्या लोकांना तो आवडतो. वाटेवर असणं हे देखरेखीसाठी सोयीचं आहे, पण तेवढ्याने किराया चांगला येईल असं नाही.

तिसऱ्या मजल्याबद्दल एक वेगळं सांगायला हवं, कारण घर बघायला आपण बहुधा दिवाळीनंतर, थंडीत जातो. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. गच्चीखालचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर खोलीत उष्णता सोडतो. तिथला किरायेदार पहिला उन्हाळा कसाबसा काढतो आणि दुसऱ्या उन्हाळ्याआधी दिलेली अनामत परत मागतो. शाळा-कॉलेजांची वर्षंही याच सुमाराला संपतात, त्यामुळे रिकामे मजले मे-जूनमध्ये एकदम दिसतात. शिवाय कूलर आला. खिडकीत टांगलेल्या कूलरचं पाणी भिंतीवरून खाली झिरपतं आणि दोन-तीन वर्षांत प्लास्टर फुगतं. जुनं घर पाहताना खिडक्यांच्या खालच्या भिंतीला हात लावून पाहावा. नव्या रंगाखालचा ओलावा तिथे सापडतो. पाण्याचा मीटरही विचारावा. पुष्कळ घरांत तिन्ही मजल्यांना मिळून एकच जोडणी असते, आणि महापालिकेचा दर वापराबरोबर चढत जातो. तीन कुटुंबांचं पाणी एका मीटरवर आलं की दर वरच्या टप्प्यात जातो, आणि ते बिल कोणी भरायचं यावरून जिन्यात भांडणं होतात.

आता कायदा. लोधीखेड्यातल्या माणसाने नागपुरात घर घेतलं तर त्या घराला मध्य प्रदेशचा १९६१चा जागा नियंत्रण कायदा लागत नाही, महाराष्ट्राचा लागतो. एके काळी हा फरक नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत छिंदवाडा आणि नागपूर आधी एकाच मध्य प्रांतात आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूरच होती, आणि किरायेदारीवर १९४९ सालचा सी.पी. अँड बेरार रेंट कंट्रोल ऑर्डर चालत असे. त्यानुसार घरमालकाला किरायेदाराला खोली सोडण्याची नोटीस द्यायची, तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. प्रांत फुटला, सीमा बदलली, तरी नागपुरात हा हुकूम ३१ मार्च २००० पर्यंत टिकला. महाल, इतवारीतल्या जुन्या वाड्यांत आजही काही बिऱ्हाडं नावापुरत्या किरायावर का राहतात, याचं मूळ त्यात आहे.

अनेक बिऱ्हाडांचं घर ही गुंतवणूक कशी बुडू शकते याचा सर्वांत मोठा धडा मुंबईच्या चाळींनी दिला. गिरण्या वाढत होत्या तेव्हा गिरगाव, परळ, लालबागेत सावकारांनी आणि व्यापाऱ्यांनी चाळी बांधल्या त्या समाजसेवा म्हणून नव्हे, किरायासाठी. सरकारनेही हात घातला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला २०७ चाळी उभ्या केल्या. मोजून १६० चौरस फुटांच्या खोल्या. सुरुवातीला त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या राहिल्या, कारण त्या जागा आणि ते भाडं कामगाराला परवडणारं नव्हतं. रिकाम्या खोल्यांचा प्रश्न म्हणजे तेव्हाही होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात भाडी भडकली आणि नियंत्रण आलं. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने सप्टेंबर १९४०चं भाडं हे प्रमाण भाडं मानलं, आणि ते जवळजवळ तिथेच राहिलं. गिरणी कामगाराला त्याने छप्पर दिलं, हे मान्यच करायला हवं. पण महागाई वाढत गेली, भाडं थांबलं, आणि मालकाने दुरुस्तीवर खर्च करणं सोडलं. चाळी कोसळू लागल्या. शेवटी १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळ काढावं लागलं आणि उपकर लावून १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत घ्याव्या लागल्या. डिसेंबर १९९७ मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अन्यायकारक झालं आहे असं सांगितलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून नागपूरसह सगळ्या राज्यात एकच कायदा लागू झाला.

नव्या मालकाच्या कामाच्या त्यातल्या दोन-तीनच गोष्टी आहेत, पण त्या पक्क्या लक्षात ठेवाव्यात. किरायेदार म्हणून दिलेल्या जागेचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. घर रिकामं करून घ्यायला कायद्यात दिलेलंच कारण लागतं; ‘मला स्वतःला हवंय’ म्हटलं तर न्यायालय दोघांपैकी जास्त हाल कोणाचे होतील तेही पाहतं. किरायेदार वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्यांकडे तो हक्क जातो. म्हणून बसलेल्या जुन्या किरायेदारासह घर स्वस्तात मिळतंय असं कोणी सांगितलं, तर ते स्वस्त आहे यात नवल नाही. मालक बदलला तरी किरायेदारी तशीच राहते.

यावरचा रोजचा उपाय म्हणजे लीव्ह अँड लायसन्स, बहुधा अकरा महिन्यांचं. त्यात राहणाऱ्याला फक्त वापराची परवानगी असते. मुदत संपूनही तो हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येतं. मात्र करार लेखी आणि नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. नोंद नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, आणि शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये. हे वाचवण्यासाठी शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून काम भागवणारे मालक मला अजूनही भेटतात. नव्वद लाखांच्या घरावर एवढीशी रक्कम वाचवण्याची ही बुद्धी कुठून येते, देव जाणे.

कागदांचं प्रकरण मात्र किरायापेक्षाही नाजूक आहे, आणि सीमेपलीकडच्या माणसाला ते जास्त अडतं, कारण आपल्याला सवय खसरा आणि बी-१ हे मध्य प्रदेशातले उतारे पाहायची. नागपूरच्या जुन्या भागात जमिनीचा कागद म्हणजे आखीव पत्रिका, आणि तिच्यावर ‘नझूल’ असेल तर जमीन सरकारची असून विक्रेत्याकडे फक्त भाडेपट्टा आहे. पट्ट्याची मुदत कधी संपते आणि नूतनीकरण झालंय का, हे आधी पाहायचं. नव्या वस्त्यांत नागपूर सुधार प्रन्यासचा, म्हणजे एनआयटीचा, संबंध येतो. १९३६च्या कायद्याने आलेल्या या संस्थेने शहराचे लेआउट आखले, पण तिच्या परवानगीशिवाय पडलेले लेआउटही शेकड्यांनी आहेत. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले हे प्लॉट पुढे २००१च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित होतात, आणि तसा प्लॉट नियमित झाल्याचं पत्र नागपूरकर ‘आरएल’ म्हणून ओळखतात. आरएल नसलेल्या प्लॉटवर राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देताना मागे सरते. बँक मागे सरली की आपणही थांबावं. ‘होऊन जाईल, सगळ्यांचं होतंय’ हे दलालाचं वाक्य ऐकून बयाणा देऊ नये.

प्लॉट नियमित असला तरी घर नियमित असेलच असं नाही. मंजूर नकाशा तळमजला अधिक एकचा, आणि वर तिसरा मजला नंतर चढवलेला, असं नागपुरात सर्रास दिसतं. आपला हिशेब तीन किरायांवर उभा आणि तिसरा मजला कागदावर नाहीच. महापालिकेची नोटीस आली तर ती नव्या मालकाच्या नावाने येते. म्हणून मजले मोजताना आधी नकाशात मोजावेत, मग जिन्यावरून. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्यावा, आणि विक्रेता स्वतः न येता मुखत्यारपत्रावर घर विकत असेल तर ते मुखत्यारपत्र नोंदणीकृत आणि जिवंत आहे का, हे तपासावं. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, त्यासाठी नोंदवलेलं विक्रीपत्रच लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केलं आहे.

विक्रेता कोण हेही पाहावं. चांगल्या जुन्या लेआउटमधली अशी घरं पुष्कळदा आईवडील गेल्यावर मुलं विकतात, आणि त्यांतला एखादा भाऊ अमेरिकेत असतो. घराची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून सरकारला भरायचा असतो. पण विक्रेता अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागत नाही, कितीतरी जास्त दराने कापावा लागतो. कापायला विसरलात तर कराची वसुली तुमच्याकडून होते.

संत्र्याच्या पैशाबद्दल दोन गोष्टी. बागेचा व्यवहार रोखीत होतो म्हणून घराचाही करू, असं करता येत नाही. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतली, बयाणा म्हणूनही, तर तेवढाच दंड विक्रेत्याला लागतो. आणि तुमच्याकडे पैसे दिल्याचा पुरावा राहत नाही तो वेगळाच. दुसरं म्हणजे शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी किराया करपात्र आहे, आणि मूळ सूट ओलांडली की कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही हिशेबात धरलं जातं. दिलासा असा, की मालकाने भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या किरायाच्या ३० टक्के रक्कम खर्च केला की नाही हे न विचारता सुटते, आणि कर्जाचं व्याजही वजा होतं. घर फक्त घरच्या बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे, म्हणजे आपल्या उदाहरणात नव्वद हजार. ती जरूर घ्यावी. पण पैसा नवऱ्याचा असेल तर किराया नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो, हे समजून घ्यावं.

आणि मग रोजचा कारभार. तासा-दीड तासाच्या अंतरावरून घर चालवता येतं, पण ‘पोरं तिथेच आहेत, ती बघतील’ यावर नाही. वीस वर्षांचा मुलगा चाळीस वर्षांच्या किरायेदाराकडे किराया मागायला जात नाही. शिवाय पोरं राहतात त्या मजल्याचा किराया येत नाही. त्याऐवजी त्यांच्या होस्टेलचा खर्च वाचतो, आणि हिशेबात तेवढाच धरावा. शिक्षण संपून ती पुण्याला किंवा हैदराबादला गेली की घराचं कारणच बदलतं. तेव्हा ठेवायचं की विकायचं हा प्रश्न पाच-सहा वर्षांत नक्की येतो, आणि जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घरावर महागाईची वजावट न मिळता नफ्याच्या साडेबारा टक्के कर आहे, हे त्या वेळी आठवावं लागतं.

हे सगळं करून नागपूरच घ्यायचं असेल तर घ्यावं. पण एक पर्याय लोधीखेड्यातले लोक बघतच नाहीत, कदाचित तो फार जवळ आहे म्हणून. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडची कापड गिरणी आहे, इतर कारखाने आहेत, आणि तिथे बाहेरून आलेला कामगार खोली शोधतो. गावात स्वतःची मोकळी जागा असेल तर जमिनीचा खर्च शून्य. चार खोल्या, प्रत्येकीला न्हाणी-संडास, वेगळे मीटर, एवढंच बांधकाम. किराया नागपूरच्या अर्धाही नसेल, पण गुंतलेली रक्कम त्याहूनही कमी असते, आणि टक्केवारीत तो बहुधा वर जातो. धोका असा, की किरायेदार एकाच ठिकाणच्या कामावर अवलंबून आहेत. कारखान्याने पाळ्या कमी केल्या तर चारही खोल्या एकदम रिकाम्या होतात, आणि गावातलं घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो. भाव वाढेल या आशेने तिथे बांधू नये. दर महिन्याला दाराशी येणारा किराया हवा असेल, आणि नळ गळतो म्हणून फोन आल्यावर चालत जाऊन बघायची तयारी असेल, तर नागपूरच्या दलालाला फोन करण्याआधी बोरगावात खोल्यांचा चालू किराया एकदा विचारून यावा.